रिकाम्या हाताची देवी

हेगियासने ओला स्पंज सुरईच्या पोटावरून फिरवला आणि देवीच्या हातातला बाण पुन्हा पुसून टाकला. काळसर पाणी त्याच्या मनगटावरून ओघळून मांडीवर पडले. बाण गेला, धनुष्यही गेले. मातीत दबलेली त्यांची आखणी मात्र राहिली. रंगवण्याआधी बोथट काडीने तो ओल्या मातीवर चित्र आखून घेई. रंग स्पंजाने निघे, पण काडीची रेघ मातीच्या अंगात जिरलेली असे. भट्टीतून निघाल्यावरही भांडे उन्हात तिरके धरले तर ती दिसे.

"तुझी बाई शिकारीला निघालीय, की आज घरीच बसणार आहे?" चाकावरून ब्राखासने विचारले. "एकदाचं काय ते ठरव. सुरई वाळली, तर मग माझ्या मातीला नावं ठेवू नकोस."

ब्राखास भांडी घडवी आणि हेगियास ती रंगवी. भागीदारी इतकी जुनी होती, की गावातले लोक एकाला शोधायचे असले तर दुसऱ्याच्या नावाने हाक मारत. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते ब्राखासच्या लक्षात आले. त्याने चाक थांबवले, हात फडक्याला पुसले आणि जळण रचायचे निमित्त करून तो बाहेर निघाला. जाता जाता त्याने कोपऱ्यातले ओले फडके उचलले आणि सुरईवर टाकले. झोपलेल्या माणसाच्या अंगावर टाकावे तसे, हलक्या हाताने.

ब्राउरोनमधल्या कुंभारांचे पोट शिकारीच्या देवीवर, आर्तेमिसवर चाले. वसंतातल्या उत्सवाला अथेन्सहून बायका लेकींना घेऊन येत आणि जाताना देवळात वाहायला एखादे भांडे विकत घेत. देवी सगळ्यांना हवी असे, पण प्रत्येकीला निराळी. हेगियासच्या वडिलांच्या हातची देवी पंखांची होती. दोन्ही हातांत तिने सिंहांच्या मानगुटी धरलेल्या असत. ती आता कोणी मागत नसे. हेगियासची देवी आखूड वस्त्र नेसलेली, केस मागे बांधलेली. डावा हात धनुष्यासह पुढे, उजवा कानापर्यंत ओढलेला, आणि तिच्यापुढे पळता पळता मान वळवून मागे पाहणारे हरीण. त्या हरणासाठी लांबून गिऱ्हाईक येई. लेक गरोदर असलेल्या आयांपुढे मात्र तो न विचारता दुसरी सुरई करी. तिच्यावर देवीच्या दोन्ही हातांत मशाली असत. जिच्या हाती बाण, तीच बाळंतिणीच्या उशाशी उजेड धरून उभी राहते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

बाळंतपणात गेलेल्या बाईला त्या गावात कोणी 'मेली' म्हणत नसे. 'बाण लागला' म्हणत.

हेगियासच्या लेकीला, मिकाला बाण लागला तेव्हा थंडी सरत आली होती. हेगियास आणि त्याची बायको निकोबूले लेकीच्या घरी पोचले, तेव्हा दाराच्या चौकटीला लोकरीचा झुबका टांगलेला होता. मुलगी झाल्याची ती खूण. त्याच दाराच्या खाली, उंबऱ्याच्या बाहेर, शेजाऱ्यांच्या घरून आणलेली पाण्याची घागर होती. मयत असलेल्या घरातून बाहेर पडणाऱ्याने त्या पाण्याने हात धुवायचे असत. निकोबूले बराच वेळ त्या दोन्हींच्या मध्ये उभी राहिली होती. कोणत्या कारणासाठी आत जायचे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे होते.

शोकाचे दिवस संपल्यावर जावई फानोस कामाच्या जागी आला. तो मधमाश्या पाळी. बोलण्यात संथ आणि वागण्यात सरळ होता. दुःखात कापलेले त्याचे केस उभे राहिल्यासारखे दिसत होते. त्याने सासऱ्याकडे एक सुरई मागितली. मिकाचे मागावर राहिलेले कापड देवीला वाहायचे होते, त्याबरोबर ती द्यायची. देवीच्या हातात मशाली असाव्यात, एवढेच त्याचे म्हणणे. ते झाले, की बाळाचे नाव ठेवता येईल. तोवर ठेवायला मन धजत नाही, असे त्याने खाली बघत सांगितले.

तेव्हापासून सुरई ओल्या फडक्याखाली होती. मशाली आखायला घेतल्या, की हेगियासला ते घर आठवे. त्या घरात त्या वेळी कोणीही उजेड धरून उभे नव्हते. मग काडी आपल्या सवयीने धनुष्याकडे वळे, आणि धनुष्य पुरे झाले, की त्याला मिकाच्या कोनाड्यातली दुसरी सुरई आठवे. दिवस गेल्याचे कळल्यावर ती मिकाने मागून नेली होती. मशालींची ने, असे तो म्हणाला होता. ती हसली होती. मला ते मागं बघणारं हरीण हवं, बाबा, लहानपणापासून तेच बघतेय. आणि त्याने तीच दिली होती, भोवती कोवळी लोकर गुंडाळून, वाटेत फुटू नये म्हणून.

त्या सुरईबद्दल निकोबूलेने आजवर एक शब्दही काढला नव्हता. मात्र मिका गेल्यापासून ती नवऱ्याने रंगवलेल्या कोणत्याही भांड्याकडे पाहत नसे. घरातली पाण्याची झारीसुद्धा तिने तोंड भिंतीकडे करून ठेवली होती.

दुपारी तो जेवायला घरी आला, तेव्हा अंगणातून माग ठोकल्याचा आवाज येत होता. अंजिराच्या झाडाखाली फानोस उभा होता. त्याच्या मागे दूधआई बाळाला घेऊन उंबऱ्याशीच थांबली होती. निकोबूलेने मान वळवली नव्हती.

"मामी, हे काय करताय?" फानोस सासूला विचारत होता.

"दिसत नाही? विणतेय."

माग मिकाचा होता. सासरहून आणताना निकोबूलेने विणलेला भाग वरच्या दांडीला गुंडाळला होता आणि खालची वजने पोतडीत बांधून सगळे गाढवावरून आणले होते. नीट उतरवून देवीला देते, असे तेव्हा तिने सांगितले होते. ती मातीची वजने हेगियासनेच लेकीच्या लग्नात घडवली होती. प्रत्येकावर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. आता ती उभ्या धाग्यांच्या टोकांना टांगलेली, वाऱ्याने एकमेकांवर आपटत होती. वरून खाली उतरत आलेले पांढरे कापड, केशरी काठांचे, गुडघ्याच्याही खाली पोचले होते. मिकाने ते कुठवर आणले होते ते हेगियासला आठवेना. इतके नव्हते, एवढे नक्की.

"तुम्ही तर उतरवणार होतात," फानोस म्हणाला.

"उतरवणारच आहे. पुरं झालं की."

"पण मामी, ते तसंच द्यायचं असतं. बाई जिथवर विणून गेली तिथवर. लोंबत्या धाग्यांसकट."

"अर्धं राहिलेलं असेल तर ना." निकोबूलेने आडवा धागा ओढून घेतला. "अर्धं राहिलेलं देवीचं. पुऱ्या कापडावर तिचा हक्क कुठं सांगितलाय? पुरं झालं, की ते साधं कापड. घरात राहील. जावईबापू, तुम्ही माश्या सांभाळा. मागातलं मला शिकवू नका."

फानोसने सासऱ्याकडे पाहिले. हेगियास हात धुण्यात गुंतला होता. मनगटावरचा काळा रंग निघत नव्हता. फानोस दूधआईकडे गेला, बाळाला घेऊन परत आला आणि मागाच्या बाजूला, निकोबूलेला दिसेल असा उभा राहिला.

"मला देवीशी वाकडेपणा परवडायचा नाही, मामी. ही पोर आहे माझ्याकडे. आणखी काही वर्षांनी हिला अस्वलीण व्हायला तिच्याच दारात पाठवायचं. पुढं कधी हिचीही वेळ येईल, मिकासारखी. तेव्हा तिनं हे ध्यानात ठेवलं तर काय करू मी?"

अस्वलीण म्हणजे काय, ते त्या गावात सांगावे लागत नसे. लग्नाआधी प्रत्येक पोर केशरी वस्त्र नेसून काही काळ देवीच्या अंगणात राही, अस्वलासारखी नाचे, पळे. मिकाही राहिली होती. सगळ्यांत शेवटी पळत आली होती आणि वाटेत सापडलेले कासव तिने सोबत आणले होते.

निकोबूलेचे हात थांबले. तरी तिने बाळाकडे पाहिले नाही. तिने मागाच्या दांडीकडे पाहत सांगितले, अगदी हळू:

"माझी अख्खी लेक नेली तिनं. आता कापडाचा तुकडाही तिला सोडवत नाही?"

बाळाने जांभई दिली.

"तुम्ही तरी सांगा ना मामा," फानोस म्हणाला.

"जेवून जा," हेगियास म्हणाला.

तो जेवला नाही. जाताना त्याने उंबऱ्यावर मधाची एक कुपी ठेवली, नेहमी आल्यावर ठेवी तशी. ती ठेवून तो काही वेळ थांबला. पूर्वी ती घ्यायला आतून कोणीतरी येई.

हेगियास सातूची भाकरी आणि कांदा घेऊन झाडाखाली बसला. निकोबूले पुन्हा विणू लागली. आडवा धागा ओवायचा, हाडाच्या फणीने वर ठोकायचा, पुन्हा ओवायचा. लग्न झाल्यापासून तो तिला विणताना पाहत आला होता आणि म्हणून कधी पाहिलेच नव्हते. आज काहीतरी निराळे आहे असे त्याला वाटले, आणि काय ते कळेना. ती मागापासून फार लांब उभी होती. पाय मागे, कंबर मागे, आणि दोन्ही हात ताणून पुढे. डावा हात धाग्यांवर टेकलेला, उजवा फणीसह मागे येऊन पुन्हा पुढे जाणारा. तिच्या आणि मागाच्या मध्ये एखाद्याने उभे राहावे एवढी जागा मोकळी होती.

"पाठ भरून येईल," तो म्हणाला. "जवळ सरक की."

"जवळ सरकले तर वीण घट्ट बसते." तिने धागा ठोकला. "तिची सैल पडायला लागली होती, शेवटी शेवटी. पोट आडवं यायचं. हात पुरायचे नाहीत तिचे."

हेगियासने हातातला घास खाली ठेवला. भिंतीवरून एक बगळा खाडीकडे उडत गेला. अंगणात बायकोची पाठ त्याला दिसत होती, वाकलेली, आणि तिच्यापुढची ती मोकळी जागा.

कापड पुरे झाले त्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर घरी आला होता. निकोबूलेने शेवटचा काठ गाठी मारून बंद केला होता, धागे कापले होते, वजने टोपलीत ठेवली होती. कापड तिने अंगणातल्या बाकावर उन्हात पसरले होते. ती त्यापुढे गुडघ्यांवर बसली होती आणि बोटे फिरवत होती. वरून खाली, खालून वर. हातात हाडाची टोकदार सुई होती.

त्याला वाटले, ती काठ तपासते आहे. तो आत जाऊन पाणी प्यायला. बाहेर आला, तरी ती तिथेच होती.

"जरा इकडं या," ती म्हणाली.

तो तिच्याजवळ टेकला.

"तुमची नजर बारीक. सांगा, कुठं संपते ती?"

"कोण?"

"कोण काय! मिका."

त्याने कापड उचलून उन्हाकडे धरले. वरचा भाग घट्ट, एकसारखा. तो नक्कीच मिकाचा, पोट दिसू लागण्याआधीचा. तिथून खाली वीण हळूहळू सैल होत गेली होती, इतकी हळूहळू की बोट ठेवावे असे कुठे काही नव्हते. आणि ती सैल वीण तशीच, त्याच चालीने, थेट खालच्या काठापर्यंत उतरली होती. काठाजवळचे निकोबूलेचे, हे त्याला ठाऊक होते; दिसत मात्र नव्हते. त्याने कापड उलटे केले. मागची बाजूही तशीच. मिकाला विणायला हिनेच शिकवले होते, या बोटांनी ती बोटे धरून. रंगाच्या छटा ओळखणारे, दुसऱ्या चित्रकाराचा हात एका भुवईवरून सांगणारे त्याचे डोळे त्या पांढऱ्या कापडावरून पुन्हा पुन्हा खाली घसरत गेले.

"मला वाटलं होतं कळेल," निकोबूले म्हणाली. "पुरं झाल्यावर खुशाल राहू दे घरात, असं म्हटलं. आणि आज गाठी मारल्या, तेव्हा बघायला गेले. म्हटलं, तिचा शेवटचा धागा कोणता तेवढा बघून ठेवावा. मग म्हटलं, सापडला तर माझं सगळं उसवून टाकीन, तिचं तिच्यापुरतं राहू दे." तिने सुई बाकावर ठेवली. "उसवायला गेले आणि तिचाच एखादा निघाला तर?"

हेगियासने कापड खाली ठेवले.

"मी तिला झाकून टाकलं हो," ती म्हणाली.

तो बोलायला गेला. जे कधीच बोलायचे नाही असे त्याने ठरवले होते, तेच तोंडात आले.

"ती सुरई मी द्यायला नको होती. मशालींची दिली असती तर..."

निकोबूलेने त्याच्याकडे पाहिले. मिका गेल्यापासून इतके सरळ तिने पाहिले नव्हते.

"तिला हरीण हवं होतं," ती म्हणाली. "बाण तिनं कधी बघितलाच नाही."

मग तिने कापडाची घडी घातली, चारही टोके जुळवून, आणि कापड देवळात न्यायचे, असा फानोसला निरोप धाडायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेगियासने सुरईवरचे फडके काढले. माती अजून ओली होती. ब्राखास रोज न बोलता त्यावर पाणी शिंपडत आला होता. धनुष्य नाही, बाण नाही. नुसती आखणी उरली होती, आणि त्या आखणीत बाई उभी होती. पाय मागे, कंबर मागे, डावा हात ताणून पुढे, उजवा मागे ओढलेला. तिच्यापुढे मोकळी जागा.

आयुष्यभर तो शिकारीण काढत आला होता. धनुष्य ताणणारे अंग असेच मागे झुकते, हे वडिलांनी शिकवले होते. धनुष्य काढून घेतले, की ते अंग काय करत असते, हे त्याने कधी पाहिले नव्हते.

त्याने कुंचला उचलला. देवी रंगवायची नसते. देवीभोवतीचा काळोख रंगवायचा असतो आणि मातीच्या मूळ रंगात ती आपोआप उरते. हाताच्या बोटांजवळ तो सर्वांत सावकाश गेला. बोटे त्याने थोडी उघडी ठेवली. हरणासाठी आखलेली जागाही काळी करून टाकली. मग उरल्या त्या तिच्या वस्त्रावरच्या बारीक रेघा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उतरणाऱ्या. पोटापाशी आल्यावर त्याचा हात अडला. ती कुमारी देवी होती. तिच्या अंगावर रेघा सरळ उतरत. त्याने त्या तिथे किंचित पुढे येऊ दिल्या. मुद्दाम शोधणाऱ्यालाच दिसावे, इतक्याच.

भट्टी लागायच्या वेळी ब्राखासने सुरई हातात घेऊन फिरवून पाहिली. मग त्याने ती भट्टीत मधोमध ठेवली, जिथे आच सगळीकडून सारखी लागते.

देवळाच्या ओसरीत त्या दिवशी फारसे कोणी नव्हते. खाडीवरून वारा येत होता. ओसरीच्या लांबच लांब भिंतीला लाकडी खुंट्या होत्या आणि त्यांवर बाण लागलेल्या बायकांची अर्धी कापडे टांगलेली होती. काही नुकती, काही पिवळी पडलेली. प्रत्येकाच्या खालच्या कडेला न विणलेले धागे लोंबत होते. पुरी कापडे इथे नसत. जगलेल्या बाळंतिणी ती आभाराची म्हणून आणत आणि ती आत, देवीच्या मूर्तीच्या अंगावर जात.

पुजारणीचे नाव खोइरीने; ती उंच, वाळकी म्हातारी होती. त्या गावातल्या सगळ्या पोरींना तिने अस्वलीण म्हणून पळवले होते, आणि त्यांतल्या कित्येकींची कापडे या भिंतीला तिनेच टांगली होती. बाकावर बसून ती सांजेच्या दिव्यांच्या वाती वळत होती. हेगियास पुढे झाला, तशी तिने वाती बाजूला ठेवून सुरई घेतली. तिने ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली.

"धनुष्य नाही. मशाल नाही. ही कोण म्हणायची?"

"तीच," हेगियास म्हणाला.

फानोसने मान पुढे करून पाहिले. मशाली नव्हत्या, हे तोही आताच पाहत होता. तो सासऱ्याकडे वळला.

"मग करतेय काय?" खोइरीनेने विचारले. "हात तर पुढं केलेत."

निकोबूले हेगियासच्या मागे उभी होती, कापडाची घडी छातीशी धरून. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याने रंगवलेल्या भांड्याकडे पाहिले. आधी उडते, मग थांबून. घडीखालचा तिचा डावा हात थोडा सैल झाला.

"विणतेय," ती म्हणाली.

"विणतेय?" म्हातारीच्या गालाला सुरकुती पडली. "केस पिकले माझे हिच्या दारात. मागापाशी उभी राहिलेली मी तरी बघितली नाही हिला कधी."

बोलता बोलता तिने सुरई उन्हाकडे तिरकी केली आणि तिचे बोट काळ्या रंगावर अडले. काळ्या रंगाखाली धनुष्याची वाक आणि बाणाची सरळ रेघ अजून होती.

"इथं काहीतरी होतं."

"होतं," हेगियास म्हणाला.

खोइरीनेने त्याच्याकडे पाहिले, मग निकोबूलेकडे, मग दूधआईच्या हातातल्या गाठोड्याकडे. सुरई तिने बाकावर आपल्या शेजारी ठेवली. तिचा आवाज आता रोजचा झाला, शेकडो वेळा विचारून गुळगुळीत झालेला.

"कापड कुणाचं?"

"मिकाचं," निकोबूले म्हणाली. "फानोसची बायको. आमची लेक."

"अर्धं की पुरं?"

निकोबूलेने घडी पुढे केली. म्हातारीने ती मांडीवर उलगडली आणि सवयीने खालच्या कडेला लोंबते धागे चाचपले. हाताला काठ लागला. बंद, गाठी मारलेला. तिने काठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटे नेली. फानोस दुसरीकडे बघू लागला.

"अगं बाई, हे तर..."

"अर्धं आहे," निकोबूले म्हणाली.

म्हातारीची बोटे काठावरच राहिली. आत मूर्तीच्या अंगावर घालायची ती कापडे आणि बाहेर खुंटीवरची ही, यांत आजवर तिची कधी गफलत झाली नव्हती. तिने निकोबूलेच्या हातांकडे पाहिले. उजव्या हाताच्या बोटांवर फणीचे ताजे घट्टे होते.

ती उठली. कापड दोन्ही हातांवर घेऊन भिंतीपाशी गेली, एका मोकळ्या खुंटीवर तिने ते चढवले, आणि आत देवीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले:

"मिका. अर्धं."

मग फानोसकडे वळून ती म्हणाली, आता पोरीचं नाव ठेवा.

दूधआईच्या हातातले बाळ त्या आवाजाने दचकून रडू लागले. दूधआई त्याला थोपटू लागली, फानोसने हात लावून पाहिला, ते थांबेना. निकोबूलेचे हात कापड दिल्यापासून तसेच अधांतरी राहिले होते. तिने ते आणखी थोडे पुढे केले. दूधआईने विचारले नाही, बाळ त्यांवर ठेवून दिले. निकोबूलेने ते लगेच छातीशी घेतले नाही. हातभर अंतरावर धरून ती पाहत राहिली. मग जवळ घेतले.

ते सगळे ओसरीच्या पायऱ्या उतरले. हेगियास मागे राहिला होता; त्याने एकदा वळून पाहिले. खाडीवरचा वारा भिंतीवरून फिरत होता आणि कापडांचे लोंबते धागे हलत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच एक कापड होते, बंद केशरी काठाचे. तेवढे हलत नव्हते.